त्याला सब्र म्हणू नका

नागासाकीच्या त्या मुलाचा फोटो तुमच्याही मोबाईलवर आला असेल. कृष्णधवल फोटो. दहाएक वर्षांचा अनवाणी मुलगा, हात मांड्यांना चिकटवून कवायतीत उभं राहावं तसा ताठ उभा. पाठीवर पट्ट्यांनी बांधलेलं लहान मूल, त्याची मान मागे कलंडलेली. बघणाऱ्याला वाटावं, झोपलंय. ते झोपलेलं नाही. तो त्याचा धाकटा भाऊ आहे, मेलेला. त्याला घेऊन हा मुलगा प्रेतं जाळण्याच्या जागेसमोर उभा आहे.

फोटोखाली मजकूर असतो. एक सैनिक मुलाला म्हणतो, ते ओझं खाली टाक, दमशील. मुलगा बाणेदारपणे उत्तर देतो की हे ओझं नाही, माझा भाऊ आहे. ते ऐकून सैनिक रडू लागतो आणि तेव्हापासून हा फोटो म्हणे जपानमध्ये शक्तीचं प्रतीक मानला जातो. आमच्या एका ग्रुपवर हाच मजकूर आला तेव्हा कुणीतरी शेवटी एक ओळ जोडली होती : याला म्हणतात सब्र. खाली पंचवीस-तीस जणांनी ‘सुब्हानल्लाह’ लिहिलं.

माझं म्हणणं सरळ आहे. हा मजकूर खोटा आहे, ती जोडलेली ओळ त्याहून खोटी आहे, आणि या दोन्ही खोटेपणांचा भुर्दंड आपल्या घरातली मुलं भरतात.

फोटो जो ओ’डॉनेल या अमेरिकन सैनिकाचा. १९४५ साली तो तेवीस वर्षांचा होता. बॉम्ब पडल्यानंतरच्या जपानचे फोटो काढण्यासाठी त्याला पाठवलेलं होतं. स्वतःजवळ ठेवलेल्या निगेटिव्ह त्याने चाळीसहून अधिक वर्षं एका ट्रंकेत बंद करून ठेवल्या, कारण त्या बघणं त्याला झेपत नव्हतं. पुढे त्याने या फोटोची हकीकत सांगितली, आणि त्या हकीकतीत मुलगा एक शब्दही बोलत नाही. धाकट्या भावंडांना पाठीशी बांधून खेळणारी मुलं तिथे नेहमीच दिसत. आपल्याकडे कडेवर घेतात तसंच. म्हणून आधी त्यात वेगळं काही वाटू नये. पण हा मुलगा खेळत नव्हता. पाच-दहा मिनिटं तो तसाच उभा राहिला. तोंडाला पांढरे मास्क बांधलेली माणसं आली, त्यांनी मुकाट्याने पट्टा सोडला, बाळाला आगीवर ठेवलं. मुलगा हलला नाही. ज्वाळांकडे बघत राहिला. खालचा ओठ त्याने इतका घट्ट चावला होता की त्यातून रक्त आलं होतं. आग विझत आल्यावर तो वळला आणि काही न बोलता निघून गेला.

म्हणजे काय झालं बघा. एका मुक्या मुलाच्या तोंडात आपण संवाद घातला. संवादही उसना! हे वाक्य अमेरिकेतल्या एका अनाथाश्रमाचं जुनं ब्रीद आहे, आणि १९६९ साली त्यावर एक इंग्रजी गाणं गाजलेलं आहे. म्हणजे ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांच्याच देशातलं वाक्य त्या मुलाच्या तोंडी घालून आपण त्याला शूर ठरवलं. त्याचा ओठ मात्र कुणाला दिसला नाही.

या सगळ्यात ओठ ही एकच गोष्ट बोलत होती. दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत इंजेक्शन देतात, तेव्हा ते बजावतात की दोन तास मुलाला काही खायला देऊ नका, तो नकळत ओठ चावून घेईल. का? भाग सुन्न झालेला असतो, दात रुतलेले त्याला कळत नाहीत. सुन्न हा शब्द मला फार आवडतो, कारण मी शिकवते त्या दोन्ही भाषांत तो आहे आणि दोन्हीकडे अर्थ तोच. मराठीत डोकं सुन्न होतं, उर्दूत हाथ-पाँव सुन्न होतात. त्या मुलाचं तेच झालं होतं. फक्त इंजेक्शन कुणी दिलं नव्हतं. जे कळू लागलं असतं तर तो उभा राहू शकला नसता, ते त्याच्या शरीराने बंद करून टाकलं होतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ च्या अखेरीस हा फोटो छापून वाटला, त्यावर ‘युद्धाचं फळ’ एवढंच लिहिलं, आणि सोबतच्या टिपेत त्या रक्ताळलेल्या ओठाकडे बोट दाखवलं. ख्रिस्ती धर्मगुरूला जे वाचता आलं ते आपल्या ग्रुपवरच्या हाजीसाहेबांना वाचता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

आता कुणी म्हणेल, बाई, एवढं काय? भावना चांगली आहे ना! भावना चांगली नाही. ‘तू रडला नाहीस, शाबास’ असं मुलाला म्हणणं म्हणजे ‘रडू नकोस’ असा हुकूमच आहे, फक्त साखरेत घोळवलेला. हा हुकूम पाळणाऱ्या मुलाचं काय होतं याची नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी लंडनमध्ये युद्धामुळे घरापासून तुटलेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली आणि तिथल्या मुलांच्या बारीकसारीक हालचाली लिहून ठेवल्या. त्यात तीन वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला बजावलेलं होतं, शहाण्यासारखा राहा, रडलास तर आई भेटायला येणार नाही. तो रडला नाही. जो भेटेल त्याला तो सांगत सुटायचा की आई येणार, कोट घालणार, घरी नेणार. यादी वाढत गेली. कोटाची चेन, मग टोपी. तेच तेच ऐकून मोठी माणसं कंटाळली. कुणीतरी म्हणालं, पुरे आता. तेव्हा त्याने शब्द सोडले आणि हातांनी करून दाखवायला लागला : टोपी घातली, कोट घातला, चेन ओढली. पुढे तेही आक्रसत गेलं. बाकीची मुलं खेळत असताना हा कोपऱ्यात उभा, ओठ हलताहेत, बोटं जराशी हलताहेत, बस्स.

बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा पेपर होता. त्यातलं बहुतेक सगळं परीक्षेनंतर विसरले. हा मुलगा मात्र पुढे एका पुस्तकात भेटला आणि तो काही विसरता येत नाही. ती बोटं म्हणजेच प्रतिमा. कुठल्या कवीने सुचवलेली नाही, एका बंद केलेल्या तोंडाने तयार केलेली. रडणं अडवलं, शब्द अडवले, तेव्हा दुःख बोटांत जाऊन बसलं. सुन्न झालेल्या मुलाचं दुःख चेहऱ्यावर शोधू नका, तिथे ते नसतं. हातात असतं, ओठात असतं, एखाद्या डब्यात, एखाद्या निरर्थक हालचालीत असतं. चांगला छायाचित्रकार, चांगला दिग्दर्शक, चांगला कथाकार तिथे बघतो. आपण मात्र चेहरा बघतो आणि तो कोरा दिसला की त्यावर आपल्याला हवं ते लिहून टाकतो.

इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा १९८८ चा जपानी चित्रपट बघा. कार्टून आहे म्हणून लहानग्यांना लावून देऊ नका, आधी स्वतः बघा. अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवरून तो केला आहे. नोसाकांची स्वतःची धाकटी बहीण १९४५ साली उपासमारीने गेली होती. चित्रपटात कोबे शहरावर आगीचे बॉम्ब पडतात. चौदा वर्षांचा सेइता एका शाळेत आईला बघतो. ती डोक्यापासून पट्ट्यांत गुंडाळलेली आहे, वाचणार नाही. बाहेर मैदानात चार वर्षांची सेत्सुको वाट पाहतेय. तो तिला खरं सांगू शकत नाही. ती उकिडवी बसून मुसमुसायला लागते. आणि हा काय करतो? मैदानातल्या लोखंडी बारवर चढतो आणि गोल गोल फिरायला लागतो. बघ, मला किती छान जमतं! एक फेरी, दुसरी, तिसरी. ती रडतेय, तो फिरतोय. कॅमेरा जवळ जात नाही.

माझ्या मते युद्धातल्या मुलाविषयी याहून खरं दृश्य क्वचितच कुणी काढलं असेल. आपल्याकडच्या सिनेमात या जागी काय झालं असतं ते तुम्हाला माहीत आहे. वीज, पाऊस, सारंगी, आणि मुलाच्या डोळ्यांचा क्लोज-अप. इथे एक मुलगा कसरत करतोय. त्याच्या शरीराला काहीतरी करत राहायचंय, कारण थांबला तर आतलं बाहेर येईल. तो रडतो ते बऱ्याच नंतर. एका सकाळी सेत्सुको रात्री मेलेल्या काजव्यांसाठी खड्डा खणते आणि सहज बोलून जाते की आईसुद्धा अशीच कबरीत आहे. तिला ठाऊक होतं! तेव्हा त्याला प्रेतांच्या ढिगात टाकलेली आई आठवते आणि बांध फुटतो. आईसाठी न आलेले डोळ्यांतले पाणी काजव्यांसाठी येतं. ज्यांनी घरात मय्यत पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. जनाजा उठेपर्यंत कोरडा राहिलेला मुलगा चार महिन्यांनी अब्बांचा चष्मा सापडला म्हणून हंबरडा फोडतो.

शेवटी सेत्सुको उपाशी मरते. गोळ्यांचा रिकामा डबा, त्यात गोट्या, त्या ती गोळ्या समजून चघळते. मातीचे भाताचे मुटके करून भावाला देते. तिला जाळल्यावर सेइता तिची हाडं त्याच गोळ्यांच्या डब्यात भरतो. एवढंच. तो डबा हे त्या चित्रपटातलं सगळं रडणं आहे.

बहमन गोबादी यांच्या २००४ च्या ‘टर्टल्स कॅन फ्लाय’मध्येही पाठीवरचं मूल आहे. २००३ च्या अमेरिकी हल्ल्याच्या आधीचं इराकी कुर्दिस्तान, निर्वासितांची छावणी, भूसुरुंग उकरून विकणारी मुलं. अग्रिन नावाची मुलगी, तीही मूलच, एक आंधळं पोर पाठीवर घेऊन फिरते. लोकांना वाटतं तिचा भाऊ असेल. सद्दामच्या सैनिकांनी तिच्यावर केलेल्या अत्याचारातून झालेलं ते तिचं पोर आहे. सबंध चित्रपटात तिचा चेहरा जवळजवळ बदलत नाही. नागासाकीच्या मुलाच्या पाठीवर जे आहे ते तो सोडू शकत नाही, हिच्या पाठीवर जे आहे ते ही ठेवू शकत नाही. या मुलीच्या फोटोखाली कुणी ‘सब्र’ लिहून दाखवा.

उर्दूवाल्यांना तर ही गोष्ट मंटोने १९४८ सालीच शिकवली होती. ‘खोल दो’मधली सकीना सतरा वर्षांची, अगदी मूल नाही, पण बापाच्या नजरेत मूलच. फाळणीच्या दंगलीतून उरलेली. त्या कथेच्या शेवटी सकीना ना बोलते ना रडते. फक्त तिचे हात हलतात. ती कथा छापली म्हणून ‘नुकूश’ मासिकावर सहा महिने बंदी आली. अश्लील म्हणे! हाताची एक हालचाल लोकांना सोसवली नाही. अश्रूंवर कधी कुणी बंदी घातल्याचं मी ऐकलेलं नाही. अश्रू सगळ्यांना चालतात.

अश्रू चालतात म्हणून तर आता ते यंत्राकडून काढून घेतले जातात. गाझाच्या युद्धात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली किती चित्रं आपल्या लोकांनी पुढे पाठवली! ढिगाऱ्यात बसलेलं गोरंगोमटं बाळ, गालावर टपोरा चमकता थेंब, बोटं मात्र पाचाऐवजी सहा. यंत्राला आपली आवड कळलेली आहे, ते तेच काढून देतं. त्याच वेळी गाझातल्या इस्पितळांत डॉक्टरांना एका प्रकारच्या रुग्णासाठी नवी संज्ञा वापरावी लागत होती : जखमी मूल, कुटुंबातलं कुणी उरलेलं नाही. इंग्रजी अद्याक्षरं जुळवून केसपेपरवर लिहायची पाच अक्षरं. त्या पाच अक्षरांत जे आहे ते टपोऱ्या थेंबात नाही. खऱ्या मुलांची खरी छायाचित्रं असताना आपल्याला बनावट बाळ का लागतं? कारण खरं मूल पुष्कळदा रडत नसतं. ते कॅमेऱ्याकडे बघत असतं, आणि त्या बघण्याचं काय करायचं ते आपल्याला कळत नाही.

१७ ऑगस्ट २०१६ ला अलेप्पोतल्या ॲम्ब्युलन्समध्ये बसवलेला तो चार-पाच वर्षांचा मुलगा तुम्हाला आठवत असेल. नारिंगी खुर्ची, धुळीने राखाडी झालेलं अंग, अर्धा चेहरा रक्ताने माखलेला. व्हिडिओत तो हात वर नेतो, कपाळाला लावतो, हाताकडे बघतो, रक्त दिसतं. मग तो हात खुर्चीला पुसतो. खेळताना हाताला चिखल लागला की मूल पुसतं, तसा. रडत नाही, कुणाला हाक मारत नाही. त्याचा मोठा भाऊ काही दिवसांनी वारला. जगभर हा चेहरा फिरला, ज्याने त्याने आपापल्या बाजूचा मजकूर त्याखाली लिहिला. पुढच्या वर्षी सीरियन सरकारला धार्जिण्या वाहिन्यांनी वडिलांच्या मुलाखती दाखवल्या, त्यांत वडील म्हणाले की माझ्या मुलाचा प्रचारासाठी वापर झाला. ते दाखवणाऱ्यांनीही वापरच केला. कोऱ्या चेहऱ्याचं हे असं असतं, मोकळी भिंत दिसली की ज्याला त्याला तिथे पोस्टर लावावंसं वाटतं. हात खुर्चीला पुसण्याची ती हालचाल मात्र कुणाच्याच पोस्टरवर बसत नाही.

आता सब्राकडे येते, कारण ती ओळ आपल्या माणसाने जोडली होती.

सूरह यूसुफ सगळ्यांनी वाचलेली आहे. मुलगा हरवल्यावर याकूब अलैहिस्सलाम ज्याला सुंदर सब्र म्हणतात तो शब्द त्या सूरहमध्ये दोनदा येतो. आणि त्याच सूरहमध्ये, दुसऱ्यांदा तो शब्द आल्यावर लगेच पुढे, दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाल्याचं येतं. एकाच माणसाविषयी, एकामागोमाग. मग सब्र म्हणजे न रडणं हे कुठून आलं? प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. जवळच्या सहाबींना आश्चर्य वाटलं, तेव्हा त्यांनी त्या अश्रूंना रहमत म्हटलं. आईचं छत्र त्यांनी स्वतः सहाव्या वर्षी गमावलं होतं. कित्येक वर्षांनी आईच्या कबरीपाशी गेले तेव्हा ते रडले आणि सोबतचेही रडले, असं हदीसमध्ये आहे. सब्र हा अर्थ कळणाऱ्या, दुखणं जाणवणाऱ्या माणसाचा गुण आहे. ज्याला दुखतंय हेच कळेनासं झालंय अशा दहा वर्षांच्या पोराला सब्रवाला म्हणणं हा सब्राचाही अपमान आणि पोराचाही.

आणि हे फक्त लांबच्या युद्धाबद्दल नाही. २०२१ च्या कोविडनंतर शाळा उघडल्या तेव्हा आमच्या सातवीतला एक मुलगा वडील गमावून परत आला होता. पहिल्या बाकावर बसायचा, सगळा गृहपाठ पूर्ण. स्टाफरूममध्ये कौतुक चाललं होतं, किती समजूतदार, घरचा मोठा झाला एकदम. मी विचारलं, त्याच्या कंपासपेटीचं झाकण कुणी पाहिलं का? तो दिवसभर ते उघडतो आणि बंद करतो. तासाला त्याबद्दल त्याला दोनदा ओरडा बसला होता. ‘पुरे आता’ म्हणून.

हे दिसत नाही, कारण आम्ही भाषेचे शिक्षकच ते बघायला शिकवत नाही. रसग्रहणाच्या प्रश्नात प्रतिमा विचारतो, उत्तर ठरलेलं : ‘या प्रतिमेतून करुण रस व्यक्त झाला आहे.’ उर्दूच्या तासाला तश्बीह आणि इस्तिआरा ओळखा, दोन गुण. जणू प्रतिमा म्हणजे दुःखावर घातलेला दागिना. खरं तर आपल्या जुन्या शास्त्रांना हे ठाऊक होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत, त्यात अश्रू आहे तसा स्तंभही आहे, म्हणजे शरीर थिजून जाणं. जडता हा व्यभिचारी भाव वेगळाच सांगितला आहे. उर्दूत सकता आहे, आँखें पथरा जाना आहे. दोन्ही भाषांकडे शब्द आहेत, गाईडांत तेवढे नाहीत.

गेल्या वर्षी नववीला मी नागासाकीचा तो फोटो खालचा मजकूर कापून दाखवला. अट एकच, भावनेचं नाव लिहायचं नाही, फक्त दिसतं ते लिहायचं. दु:ख, शौर्य, धैर्य, हिंमत सगळं बाद. पहिली दहा मिनिटं कुणाला काही सुचेना. मग एका मुलीने लिहिलं की त्याच्या पायात काही नाही, बाजूला आग असेल तर जमीन गरम असेल, पण तो पाय उचलत नाहीये. परीक्षेत या उत्तराला मी काय गुण द्यायचे हे उत्तरसूचीत नाही.

तर मग फोटो पाठवायचेच नाहीत का, असं विचारणारे भेटतात. पाठवा. दिसलं पाहिजे, जगाला दिसलं पाहिजे. फक्त खालचा मजकूर काढा, मागचं गाणं काढा, मुलाच्या तोंडात वाक्य घालू नका, आणि तो शूर आहे असं तुमच्या शेजारी बसून मोबाईलमध्ये डोकावणाऱ्या तुमच्या मुलाला सांगू नका. तो विचारेल, हा रडत का नाहीये? त्याला सांगा, त्याला अजून रडता येत नाहीये.